बिनब्रेकचं चाक आणि दुपारचा घास

आमच्या घरात मासे धरायची तेवीस चाकं आहेत आणि मासा आजवर एकही आलेला नाही. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी फुटलेलं नाही, तिथे मासा कुठून येणार! घोडा नसलेल्या माणसानं चाबूक जमवावेत तसं हे आहे, असं लोक म्हणतात. म्हणू देत. हौसेला मोल नसतं, आणि माझ्या हौसेला तर अक्कलही नाही. हे मी स्वतःच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा.

मी जळगावात एका कारखान्यात टर्नर आहे. चौतीस वर्षं लेथसमोर उभा आहे. पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम, काहीही हातात आलं तरी ते कोणी मन लावून केलंय आणि कोणी पाट्या टाकल्यात, हे मला बोटांनाच कळतं. भुसावळला जुन्या सामानाच्या एका दुकानात कुकरच्या झाकणांच्या ढिगाखाली मला एक लाकडी चाक दिसलं. तळहाताएवढं, पाठीला पितळेची चांदणी, पुढे दोन इवल्याशा मुठी. "हे काय?" म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "पतंगाची चक्री असेल. न्या." मी सहज टिचकी मारली. चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. आवाज नाही, थरथर नाही. मी त्या ढिगाशी उकिडवा बसून ते थांबायची वाट पाहत राहिलो आणि ज्या कोणी त्याच्या पोटातली पिन घडवली त्याला मनातल्या मनात हात जोडले.

ते पतंगाचं नव्हतं, गळाचं होतं. रेल्वेतल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या घरातून आलेलं असावं. ती मंडळी पूर्वी सुट्टीच्या दिवशी तापीवर गळ टाकून बसायची, असं नंतर मला एका म्हाताऱ्या फिटरनं सांगितलं. त्या चाकाला सेंटरपिन म्हणतात हे कळायला आणखी वर्ष गेलं. मग एकातून दुसरं. एक कोलकात्याकडचं पितळी, एक ॲल्युमिनियमचं कागदासारखं हलकं, एक पिन वाकलेलं, जे मी लेथवर नवी पिन करून जिवंत केलं. पाहता पाहता हॉलमधलं काचेचं कपाट भरलं. लग्नात आलेला चहाचा सेट त्या कपाटातून माळ्यावर गेला, आणि त्याचं दुःख ही अजून अधूनमधून काढते. ही म्हणजे माझी बायको.

हिचं आणि चाकांचं नातं सांगतो. एका दसऱ्याला मी कामावर असताना हिनं घरातली सगळी हत्यारं पूजेला काढली. विळी, कात्री, माझे पाने, आणि ती पितळी चाकं. पूजेची वस्तू मळकट कशी ठेवायची, म्हणून चिंच लावून, राखेनं घासून देवाच्या भांड्यांसारखी लखलखीत केली. सत्तर-ऐंशी वर्षांनी पितळेवर जो तपकिरी रंग चढतो, ज्यासाठी माझ्यासारखे येडे जीव टाकतात, तो मोरीतून वाहून गेला. मी संध्याकाळी घरी आलो आणि चाकांवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल बघून मटकन खाली बसलो. ही म्हणाली, "काय चमकी राह्यनात ना!" त्या दिवसापासून माझ्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही असा मी घरात कायदा केला. पाळला किती गेला, ते पुढे येईलच.

आता हे चाक चालतं कसं ते थोडक्यात. मधे एक पोलादी पिन, तिच्यावर बसलेलं चाक, चाकावर दोरी. बस्स. गिअर नाही, दात नाहीत, ब्रेक नाही. मोराच्या पिसाची दांडी तरंगायला बांधायची, खाली गळ, गळाला कणीक आणि पिकलं केळं हिंग घालून मळलेला गोळा. तो तरंगा वाहत्या पाण्यात सोडायचा. नदी त्याला खाली नेते, आणि चाक मागून आपलं आपण फिरत दोरी देत राहतं. ओढायचं नाही, अडवायचं नाही. मासा लागला आणि पळायला लागला की मग थांबवायचं, तेही अंगठ्यानं. चाकाच्या कडेवर अंगठा टेकायचा. जास्त दाबला तर दोरी तुटते, कमी दाबला तर मासा पार खाली जातो. हे शिकायला मला चार हिवाळे लागले.

गळाच्या टोकाचं उलटं नख, ज्यात मासा अडकून राहतो, ते मी कानशीनं घासून टाकलेलं असतं. मासा येतो, पाण्यातच त्याला मोकळा करतो, तो जातो. जळगावहून चोपड्याच्या रस्त्यावर तापीचा पूल लागतो, त्याच्या खालच्या अंगाला माझी जागा आहे. तिथे जाळी विणत बसणारे एक भोई नाना आहेत. त्यांनी पहिल्यांदा मला मासा सोडताना पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातली सुई थांबली. ते म्हणाले, "मास्तर, डोकं ठिकाणवर शे ना?" मी मास्तर नाही, पण चष्म्यामुळे त्यांनी मला मास्तर करून टाकलंय.

या छंदाला खरा विरोध माझ्या थोरल्या भावाचा. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि तोच बापाच्या जागी उभा राहिला. चोपड्याकडे तापीकाठी आमचं गाव आहे, केळी आणि कापूस. पाठीला कोरडा भोपळा बांधून त्यानंच मला तापीत पोहायला शिकवलं, ताप आला की भाकरी दुधात कुस्करून त्यानंच भरवलं, आणि शेतातला एक गडी कमी करून मला टर्नरचं काम शिकायला जळगावला त्यानंच धाडलं. भाऊच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माझ्या घरी आला की तो काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसायचा. एकदाच बोलला. "सोडी देस, ते मंग धरस कसाले?" सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला! 

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात बैलाला वैरण टाकताना भाऊ खाली कोसळला. लकवा. उजवी बाजू. पुतण्यानं गाडीत घालून जळगावला आणला. जीव वाचला, बोलणंही पंधरा-वीस दिवसांत बरंचसं परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिने इथेच ठेवा, व्यायाम करून घ्या. वहिनी चार वर्षांपूर्वी गेली, पुतण्या केळीत अडकलेला. मग भाऊ माझ्याकडे राहिला. हॉलमध्ये खाट टाकली, नेमकी काचेच्या कपाटासमोर. आता पाठ करून बसायचीही सोय राहिली नाही.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे जेठ. जेठासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. वस्तू खाली ठेवायची, त्यांनी उचलायची. नव्या पोरींनी हे सगळं सोडलं, बरंच झालं. पण आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि हिनं भाऊशी एक शब्द बोललेला मी ऐकलेला नव्हता. भाऊ तीन हातांवर बसलेला असला तरी ही दाराआडून मला विचारणार, "त्यासले इचारा, चहा टाकू का?" आणि भाऊ मला सांगणार, "तिले सांग, टाक." मी मधे टपालवाला. यात राग कुठेच नव्हता. वहिनी गेली तेव्हा हिनं तेरा दिवस गावाकडचं सगळं घर एकटीनं सांभाळलं होतं. भाऊ तेव्हा मला म्हणाला, "तुनी बायको लक्ष्मी शे." तेही मलाच. तिला मी पोचवलं.

तर या रीतीमुळे जेवणाचं अडलं. भाऊचा डावा हात चांगला होता, पण डाव्या हातानं जेवणं त्याला ठाऊकच नव्हतं. चमचा दिला, त्यानं तो ताटाबाहेर ठेवला. "हाऊ हात जेवाना नही," म्हणाला. एक मदतनीस ठेवून पाहिला. दोन दिवस परक्या हातापुढे भाऊचं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भरवलं. पहिल्या घासाला त्याचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि दोघंही वरणात तिखट जास्त पडल्याचं नाटक करत राहिलो. बिचारी ही आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं खरंच तिखट कमी केलं.

सकाळ-संध्याकाळ मी घरीच. प्रश्न दुपारचा. कारखान्यात साहेबांना सांगून मी जेवणाची सुट्टी थोडी लांबवून घेतली. बाराला गाडीला किक मारायची, सव्वाबाराला घरी. ही स्टुलावर ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून आत गेलेली असायची. भाऊ आणि ते झाकलेलं ताट एकमेकांकडे बघत माझी वाट पाहत बसलेले असायचे. मी आलो की हात धुऊन पहिला घास. हिनं भरवावं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आज विचार केला की नवल वाटतं.

उजव्या हाताच्या व्यायामाला डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला होता. दाबायचा, सोडायचा. भाऊची बोटं तो दाबूच शकत नव्हती, चेंडू गळून खाटेखाली जायचा. आठवड्यात भाऊनं त्याचा नाद सोडला. चेंडू खाटेखालीच राहिला.

एका रविवारी मी त्याच्या खाटेशी जमिनीवर बसून चाकं पुसत होतो. नदीवर जाणं दीड महिना बंद होतं, निदान हात लावावा म्हणून. ते भुसावळचं लाकडी चाक साफ करून मी टिचकी मारली आणि स्टुलावर ठेवलं. ते फिरत राहिलं. भाऊ बघत होता. तो त्या चाकाकडे पहिल्यांदाच बघत होता.

"कितला टाईम फिरस?"

मी मोबाइलवर मोजून दाखवलं. दीड मिनिट. भाऊनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून स्टुलावर ठेवला, तर्जनी चाकाच्या कडेला लावली आणि सगळा जीव त्या बोटात आणला. बोट जेमतेम सरकलं. तेवढ्यानं चाक फिरायला लागलं.

ज्याला चेंडू दाबता येत नाही त्याला हे चाक फिरवता येतं, कारण त्याला अडवणारं आत काहीच नाही. माशी बसून उडाली तरी ते हलेल. भाऊनं पुन्हा बोट लावलं. पुन्हा फिरलं. तो लहान पोरासारखा माझ्याकडे बघून हसला. हसणं अजून एका बाजूनंच उमटत होतं. मी म्हटलं, "फिरवलं तर खरं, आता थांबवून दाखव. अंगठ्यानं." अंगठा काही हलला नाही. मी म्हटलं, "ज्या दिवशी अंगठ्यानं हे थांबवशील, त्या दिवशी आपल्या हातानं घास उचलशील." झालं, त्या दिवसापासून भाऊनं ध्यासच घेतला. अंगठा आजही पुरता आलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणाला चमत्काराची आशा लागून राहायला नको.

रोज दुपारी मी परत कामावर गेलो की ही ते चाक कपाटातून काढून स्टुलावर ठेवायची. माझा कायदा माझ्याच भावासाठी मी रद्द केला होता. भाऊ तास तास फिरवायचा. तर्जनी, मग मधलं बोट. संध्याकाळी मला हिशेब द्यायचा, आज किती वेळा, कोणत्या बोटानं. आणि ही आतून भांडी घासता घासता त्याच्या हिशेबात भर घालायची, अर्थात माझ्यामार्फत: "त्यासले सांगा, करंगयीनं बी फिरनं व्हतं दुपारले, ते राही गयं."

आणि मग एका बुधवारी मी घरी आलो तर भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. ताट झाकलेलं. मी घास पुढे केला, त्यानं तोंड उघडलं नाही.

"आते बोट बी गयं," म्हणाला.

 दोन दिवसांपासून चाक फिरत नव्हतं, त्यानं मला सांगितलं नव्हतं. बोट लावलं की इंचभर सरकायचं आणि थांबायचं. आलेली ताकद परत गेली, दुसरा झटका येणार, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मी डॉक्टरांना फोन लावला, संध्याकाळी आणा म्हणाले. भाऊ त्या दुपारी जेवला नाही. मी उपाशीच कामावर गेलो आणि लेथवर एक साधा बुश, नुसती पितळेची नळी, बिघडवून ठेवला, जे चौतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी भाऊला डॉक्टरांकडे न्यायला आलो तेव्हा ते चाक वाटेत होतं म्हणून उचललं. उचलताच नाकाला वास आला. शेंगदाण्याच्या तेलाचा. पिन काढून बघतो तर आत घाण्याचं ताजं, घट्ट, पिवळंधमक तेल, त्यावर हॉलमधली धूळ. असल्या तेलात चाक कसलं फिरतंय! मी शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब टाकतो, तोही मोजून.

माझं डोकं फिरलं. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चिंचेपासून सगळं काढलं. मी थांबलो तेव्हा ही दारात येऊन उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीवर. माझ्या शिव्यांचं तिला काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली:

"त्यासले सांगा, बोट नही बिघडनं. चाक बिघडनं. ते मी बिघाडं."

सांगायची गरज नव्हती, भाऊ समोरच होता. तरी मी सांगितलं. भाऊ हळूहळू भिंतीकडून वळला.

कारण नंतर कळलं. रोज तास तास फिरवून चाक किंचित करकरायला लागलं होतं. मशीनच्या तेलाला वास येतो, आणि भाऊ त्याच हातात जपाची माळ धरायचा प्रयत्न करतो, म्हणून तिनं घरातलं सगळ्यात शुद्ध तेल घातलं होतं, सणाला तळणासाठी ठेवलेलं.  मी पिन पेट्रोलमध्ये धुतली, पुसली, एक थेंब टाकला, चाक स्टुलावर ठेवलं. भाऊनं बोट लावलं आणि ते फिरलं. फिरत राहिलं. भाऊनं डोळे मिटून सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "तिले सांग, जेवाले वाढ." डॉक्टरांकडे त्या दिवशी गेलोच नाही. माफी मी तिची मागितली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. पण रात्रीची भांडी मी घासली, आणि तिनं घासू दिली.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. भाऊच एका शनिवारी म्हणाला, "कितला दिन घरमा बसशी? जाय. नदी पाही ये." मी म्हटलं, तू सांगतोयस? तो म्हणाला, "बारा लगून ये म्हंजे झायं." जेवणाच्या आत परत ये, एवढीच अट. शिवाय गोळ्यासाठी गावाकडून आलेल्या फण्यातली दोन पिकली केळी त्यानंच काढून ठेवायला लावली. माळकरी माणसाच्या शेतातली केळी गळाला! मी ती झटकन पिशवीत टाकली. बोललो असतो तर त्यानं परत घेतली असती.

अडीच महिन्यांनी नदी बघितली. धरणातून थोडं पाणी सोडलेलं होतं, धार बेताची, कडेला ऊन येत होतं. तरंगा सोडला, चाक फिरायला लागलं, आणि माझ्या खांद्यांवरचं ओझं त्या दोरीबरोबर उलगडत गेल्यासारखं वाटलं. नऊ वाजता एक लहान रोहू, सोडला. साडेअकराला आवरायला घेतलं होतं. तेवढ्यात खालच्या वळणावर पाण्यात मोठं काहीतरी उलटलं. म्हटलं, एकदाच टाकतो.

एकदाच टाकला आणि लागला. काय लागला! दोरी अशी धावली की चाकाच्या मुठी दिसेनाशा झाल्या. कडेवर अंगठा ठेवला तर चटका बसला. त्यानं मला वळणापर्यंत चालवलं, गुडघाभर पाण्यात उतरवलं, दोनदा जवळ आला, दोनदा गेला. शेवटी हातात आला. पाण्यात धरून त्याला दम खाऊ दिला, तो शेपटी मारून गेला. मी काठावर बसलो. सुखानं बसलो, खोटं कशाला सांगू. मग वाटलं तिथे अजून एक असेल. पुन्हा टाकला.

जाळं गुंडाळून निघालेले नाना वरून म्हणाले, "मास्तर, दोन वाजनात. घर जावानं नही का?"

 भाऊ. झाकलेलं ताट. तोवर मी एकही दुपार चुकलो नव्हतो, आणि चुकलो तो एका माशासाठी, जो मी सोडूनच देणार होतो. फोन बघितला, तो पिशवीत, घरून एकही फोन नाही. ही करणार नाहीच. भाऊही करू देणार नाही. सामान कसंबसं बांधलं. चोपड्याच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागून गाडी काढत मी स्वतःला शिव्या देत होतो. वडील गेल्यावर सगळं घर जेवेल एवढं कमवून आणणारा माणूस, त्याला मी एका घासासाठी ताटकळत ठेवला होता. त्याला औषधं जेवणानंतरची होती. उपाशीपोटी त्याला चक्कर येते, हे मला माहीत होतं.

पावणेतीनला पोचलो. दार लोटलेलं होतं. मी गाठोडं खाली ठेवलं, हात धुवायलाही न थांबता दार ढकलणार, तेवढ्यात फटीतून आतलं दिसलं आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

भाऊ खाटेवर बसला होता. ही त्याच्यासमोर. समोर, पाटावर, बसलेली. पदर नाकापर्यंत ओढलेला, मान पार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवलेली. डाव्या हातात ताट, उजवा हात पुढे केलेला, त्यात भाकरीचा नि भरिताचा घास. आणि भाऊनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, ती दिसू नये म्हणून. तिनं बघायचं नाही, त्यानं बघायचं नाही. दोघांनी रीत मोडली होती आणि दोघंही ती जिवाच्या आकांतानं सांभाळत होते.

घास भाऊच्या मिशीला लागला. अर्धं भरीत हनुवटीवर आलं. तिला दिसलं नाही, तिनं हात आणखी पुढे रेटला, तो गालावर गेला. भाऊची छाती हलायला लागली. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. त्यानं डोळे उघडले.

"माय," भाऊ तिला म्हणाला, "आठे पाह्य. तोंड आठे शे."

इकडे बघ, असं जेठानं थेट म्हटल्यावर ही दचकली. हात तसाच राहिला. मग तिनं हळूहळू मान वळवली, पदर दोन बोटं वर सरकवला आणि भाऊच्या भरितानं माखलेल्या तोंडाकडे बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर. पदराच्या टोकानं तिनं त्याची हनुवटी पुसली आणि घास नीट तोंडात दिला.

"तिखट ते नही व्हयनं?" तिनं विचारलं. भाऊला विचारलं.

"जरासं," भाऊ म्हणाला. "चालस."

मी आवाज न करता दार होतं तसं लोटलं आणि बाहेर पायरीवर बसलो. मला रडू आलं, लपवत नाही. ओल्या पँटीनं, हाताला माशाचा वास, पोटात कावळे ओरडत होते, तरी आत जायचं धाडस झालं नाही. आतून भाऊ अर्धी भाकरी अजून मागत होता. तिच्याकडे मागत होता.